खाली उजेड असतो

५ जानेवारी, सोमवार

सुनीता गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. ती असताना आम्ही फार बोलायचो असंही नाही. ती रात्रपाळीची नर्स, मी सकाळी ऑफिसला जाणारी. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी एकत्र चहा व्हायचा. पण दारात तिच्या चपला असायच्या, फ्रीजमध्ये तिचं लोणचं असायचं. लग्न होऊन ती नाशिकला गेली आणि पनवेलच्या खांदा कॉलनीतला हा फ्लॅट आता सगळा माझा झाला. एका माणसाचा भात मला लावता येत नाही. कितीही कमी लावला तरी सकाळी उरलेला असतो.

आज जेवणाच्या सुट्टीत वरदने जाहीर केलं की सव्वीस जानेवारी सोमवारी आलाय, तीन दिवस मोकळे मिळतात, तर मालवणला स्कुबा डायव्हिंगला जायचं. आमच्या कंपनीत आम्ही चौघं एका टेबलावर जेवतो. वरद सेल्सला, रुचिरा अकाउंट्सला, हेतल एचआरला. मी बंदरातून सुटणाऱ्या कंटेनरचे कागद बघते. हेतल लगेच म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते बाबा, मी बोटीत बसून फोटो काढेन." रुचिराने आधी वरदकडे बघितलं, मग म्हणाली, "चालेल की." वरद माझ्याकडे वळला.

"आणि निशा तर पाहिजेच. आपली कोळीण आहे ती! कुणी बुडायला लागलं तर ओढून बाहेर काढेल."

सगळे हसले. मीही हसले आणि हो म्हणून टाकलं.

मला पोहता येत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

हेतलने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. नाव 'डुबुक'. दिवसभर त्यावर कासवांचे फोटो येत होते.

संध्याकाळी वरदचा मला वेगळा मेसेज आला. हॉटेल समुद्राच्या तोंडावर घ्यावं की गावात? मी म्हटलं, तोंडावर. मग त्याने विचारलं, रुचिराला चालेल ना, तिला आवाजाने झोप लागत नाही असं ती म्हणाली होती. मी सांगितलं, लाटांच्या आवाजाने लागेल. मग तिला शनिवारी मासे चालतात का, ती कधीकधी एकदम गप्प होते तेव्हा काय झालेलं असतं, घरचं काही टेन्शन आहे का. बराच वेळ बोलत होतो. सगळ्यांची इतकी काळजी करणारा माणूस ऑफिसात दुसरा नाही. आणि हे सगळं तो मला विचारतो, ग्रुपवर टाकत नाही.

भाजी करपली. पण वाईट वाटलं नाही.

११ जानेवारी, रविवार

मोऱ्याला घरी जाऊन आले. आई ओट्यावर मांदेली निवडत बसली होती. मला बघून तिने फक्त पाट सरकवला.

"कवा आयलीस? जेवलीस का नाय?"

आई उरणच्या बाजारात मासळी विकते, पण धक्क्यावर पाय ठेवत नाही. काकी धक्क्यावरून माल आणून देते आणि आई मागच्या गल्लीने, समुद्र दिसणार नाही अशी, बाजारात जाते. मी दहावीत होते तेव्हा गणपतीनंतरच्या वादळात बाबांची होडी उलटली. होडीवर पाच जण होते. तिघांना दुसऱ्या होडीने उचललं, एक जण पोहत रेवसच्या बाजूला लागला. बाबा कुठेच लागले नाहीत. महिनाभर काका आणि आळीतले लोक किनारे धुंडत होते. नंतर आईने त्यांना सांगितलं, "आता पुरं करा."

त्यानंतर घरात या विषयावर बोलणं झालेलं मला आठवत नाही. मला तिने कधी गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू दिलं नाही. आळीतल्या सगळ्या पोरी पोहायला शिकल्या, मी ओट्यावर बसून बघायचे. पनवेलला खोली घेते म्हटल्यावर काका नाही म्हणत होता. आईच म्हणाली, "जाव दे तिला. तिथं समुद्र नाय."

आज तिने विचारलं, "पुढच्या म्हयन्यात नाय, याच म्हयन्यात सोमवारची सुट्टी हाय ना तुना? येशील?"

मी म्हटलं, ऑफिसची सहल आहे, महाबळेश्वरला.

खोटं इतकं सहज आलं की मलाच आश्चर्य वाटलं. आई उठली, हात धुतले, शेजारच्या मावशीकडे गेली आणि जाडजूड स्वेटर मागून आणला. "थंडी असल तिथं. कान झाकून घे."

एसटीत तो स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते. कुणी बघत नव्हतं तरी सारखं वाटत होतं की बघतायत.

१७ जानेवारी, शनिवार

रुचिराबरोबर पोहण्याचे कपडे घ्यायला गेले. तिने गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा गडद निळा स्विमसूट घेतला. मी विचारलं, लाल का नाही घेत, तुला लाल शोभतो. ती म्हणाली, "निळाच बरा. वरद म्हणत होता पाण्यात निळा छान दिसतो." मग पटकन म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनाच म्हणत होता."

मला नव्हता म्हणाला. पण ऐकल्यावर मीही निळाच घेतला.

घरी येऊन घालून बघितला. आरशात कुणी वेगळीच बाई. जरा वेळ तशीच बसून राहिले, मग चहा केला, चहा होईपर्यंतसुद्धा काढला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

वरदने एक व्हिडिओ पाठवला, त्यात पाण्याखाली नाकाने नाही, फक्त तोंडाने श्वास घ्यायचा असतो हे दाखवलंय. बाथरूममध्ये बादली भरून त्यात तोंड घालून बघितलं. डोळे उघडे ठेवायचे ठरवलं होतं. बादलीचा तळ दिसला, निळा, त्यावर साबणाचा डाग. एक क्षण ठीक होतं. मग छातीत काहीतरी एकदम वर आलं आणि मी डोकं बाहेर काढलं. जमिनीवर बसून राहिले. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

जाऊ नये असं वाटतंय. ताप आला असं सांगता येईल. पण मग तीन दिवस इथेच, या घरात. ग्रुपवर त्यांचे फोटो येत राहतील आणि मी प्रत्येकावर हृदय टाकत बसेन.

जाणार.

२४ जानेवारी, शनिवार, मालवण

पहाटे वरदच्या गाडीने निघालो. रुचिराला घाटात मळमळतं म्हणून ती पुढे बसली. मी आणि हेतल मागे. हेतल महाडपर्यंत झोपली आणि उठल्यावर नवऱ्याशी फोनवर मुलीच्या डब्याबद्दल बोलत होती. पुढे गाणी लागली होती, त्या दोघांचं बोलणं मागे नीट ऐकू येत नव्हतं. मी दोनदा "काय म्हणालास?" असं विचारलं. मग विचारायचं सोडलं. खिडकीतून लाल माती बघत राहिले.

पोहोचेस्तोवर दुपार उलटून गेली. जेवायला बसलो तेव्हा हॉटेलवाल्याने ताटात मासे मांडून दाखवायला आणले. वरद ओरडला, "थांबा थांबा, आमच्याकडे एक्स्पर्ट आहे!" मी कल्ला उचलून बघितला, पाठ दाबून बघितली आणि सांगितलं, हलवा घ्या, सुरमई कालची आहे. हॉटेलवाल्याचा चेहरा पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वरदने त्याचा व्हिडिओ काढला. छान वाटलं.

मग हात दोनदा साबणाने धुतले. ऑफिसच्या डब्यात मी कधी मासे नेत नाही. आज सगळ्यांसमोर ते बोटांना लागले आणि मी लहान मुलासारखी हात मागे लपवून टेबलावर आले.

खोली रुचिराबरोबर आहे. ती संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला गेली, म्हणाली तू दमली असशील, पड. मी दमले नव्हते. पण पडले.

स्वेटर बॅगेत तसाच आहे. इथे पंखा लावूनही घाम येतोय.

२५ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहून काढते.

सकाळी जागी झाले तर रुचिराची गादी रिकामी. नाश्त्याला आली तेव्हा तिच्या पायांना वाळू होती. सूर्योदय बघायला गेले होते म्हणाली. वरदच्याही पायांना वाळू होती. मला कुणीतरी उठवायला हवं होतं, मलाही आवडला असता सूर्योदय. इथे तो डोंगराच्या बाजूने होतो, समुद्राच्या नाही, पण तरी.

धक्क्यावरून बोट सुटली. आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसले. मोऱ्याची मुलगी आणि बोटीत पहिल्यांदा! कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली होती. हेतलला पंधरा मिनिटांतच उलट्या सुरू झाल्या. मी तिची पाठ चोळत राहिले, त्यामुळे मला पाण्याकडे बघावं लागलं नाही.

किल्ल्याच्या मागच्या बाजूला, खडकांजवळ बोट थांबवली. पाण्यात नेणारा माणूस गणू, पन्नाशीचा, दाट मिशीचा. त्याने खुणा शिकवल्या. अंगठा आणि बोट जुळवलं की ठीक आहे. अंगठा वर केला की मला वर न्या. पंजा हलवला की काहीतरी गडबड आहे. मग म्हणाला, घाबरलात तर शेजारच्याचा हात धरा.

त्याने माझं आडनाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "मग तुका काय शिकवूचा?"

वरद आणि रुचिरा दुसऱ्या माणसाबरोबर आधी उतरले. जोडीने जायचं असतं. हेतल आडवी पडली होती, म्हणून मला जोडीदार नव्हता. गणू मनगटाला छोटा कॅमेरा अडकवत म्हणाला, मीच येतो. पाठीवर ते जड सिलिंडर चढवलं, तोंडात रबरी नळी दिली. मी नळी काढली आणि हळूच म्हटलं, "मना पोहता येत नाय."

ऑफिसात मी अशी बोलत नाही. कुठून आलं कुणास ठाऊक.

"नाय इला तरी चलता," गणू म्हणाला. "भियाव नको. मी तुका सोडूचंय नाय."

पाणी कानांवर आलं आणि सगळं थांबलं. बोटीचं इंजिन, हेतलचं कण्हणं, सगळं. माझा श्वास तेवढा ऐकू येत होता, कुणीतरी शेजारी झोपलेलं असावं तसा. छातीत ते बादलीतलं पुन्हा वर आलं. मी अंगठा वर केला. गणूने मला वर आणलं. नळी काढली, खोकले, पुन्हा घातली. त्याने विचारलं, बस्स? मी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा खाली. या वेळी कान दुखले, त्याने नाक दाबून हवा सोडायला लावली, काहीतरी टक् झालं आणि दुखणं गेलं. मी डोळे उघडले.

उजेड होता.

मला वाटलं होतं की खाली काळोख असेल. लहानपणापासून तसंच वाटत आलंय. पण वरून उन्हाच्या दोऱ्या सोडल्यासारख्या खाली येत होत्या आणि हलत होत्या, वाळूवर त्यांची जाळी पडली होती. खडकाच्या कपारीत हेकरू बसला होता. हेकरू मी हजार वेळा बघितलाय. खवले काढलेत, तुकडे केलेत. पण त्याने माझ्याकडे डोळे फिरवून बघितलं! मासा बघतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात आला तो मेलेलाच. मग पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले खूप आले, माझ्या हातांच्या मधून, तोंडासमोरून. त्यांचं नाव मला येत नाही. बाजारात जे येत नाहीत त्यांना आमच्यात नावं नसतात. कुणी अंगाला लागलं नाही. जवळ यायचे, बघायचे, बाजूने निघून जायचे.

खडक संपतो तिथे पाणी गडद निळं होत गेलेलं होतं, त्यापुढचं दिसत नव्हतं. मी तिकडे बघत राहिले. गणूने दोनदा खांदा हलवून मासे दाखवले तरी मी तिकडेच बघत होते. काय शोधत होते, मला सांगता येणार नाही.

वळले तेव्हा जरा लांब वरद आणि रुचिरा दिसले. त्यांनी हात धरले होते. गणूने सांगितलंच होतं, घाबरलात तर हात धरा. रुचिरा घाबरली असणार.

वर आल्यावर नळी काढून मी ओरडले, "आये, उजेड हाय गं खाली!" हे मला आठवत नाही. हेतलने पडल्या पडल्या काढलेल्या व्हिडिओत आहे. बोटीवर सगळे हसत होते. वरदने संध्याकाळपर्यंत चार वेळा तसं बोलून दाखवलं, "आये, उजेड हाय!" त्याला 'आये' नीट म्हणता येत नाही.

माझे डोळे लाल झाले होते. खाऱ्या पाण्याने सगळ्यांचेच झाले होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसलो होतो. वरद उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, मे महिन्यात आम्ही लग्न करतोय. रुचिरा वाळूकडे बघत हसत होती.

टाळ्या मी वाजवल्या. सगळ्यात आधी मीच.

"आणि निशा, खरं थँक्स तुला," वरद म्हणाला. "हिच्याबद्दल सगळं तुझ्याकडूनच काढून घेतलं मी. तुला एव्हाना कळलंच असेल म्हणा."

"कळलं होतं," मी म्हटलं.

रुचिराने मला मिठी मारली. दोघींच्या अंगावर अजून तेच कपडे होते. निळ्यावर निळा.

ती पाण्याखाली घाबरली नव्हती.

२६ जानेवारी, सोमवार

परत आलो. येतानाही मी मागेच. हेतल या वेळी झोपली नाही. कोलाडच्या पुढे तिने विचारलं, "निशा, तू ठीक आहेस ना?"

"कान दुखतोय," मी म्हटलं. "पाणी गेलंय बहुतेक."

तिने पर्समधून कापूस काढून दिला. मग माझा हात हातात घेऊन बसली, पेणपर्यंत. मग तिच्या नवऱ्याचा फोन आला.

घर बंद होतं तसं होतं. कपडे धुतले. पाण्यात वाळू निघाली. भात लावला.

२९ जानेवारी, गुरुवार

ग्रुपवर काही नाही. आता त्यावर काय असणार? जेवणाच्या टेबलावर हॉल, केटरर आणि पुण्याचे नातेवाईक. मी ऐकते. रुचिरा म्हणाली, साड्या घ्यायला तूच चल. मी हो म्हटलं.

दुपारी काकाच्या प्रणितचा फोन आला. हेतलने माझा पाण्यातला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला होता. तो फिरत फिरत प्रणितच्या मित्राकडे पोहोचला आणि प्रणितने तो घरात सगळ्यांना दाखवला.

"सगळ्यांना म्हणजे?"

"काकीला पन," तो म्हणाला. त्याची काकी म्हणजे माझी आई.

"काय बोलली?"

"काय नाय. मोबाइल हातात घेतला, बघितला, परत दिला. ताट तसंच ठेवून उठली."

आईला फोन करायला हवा. चार वेळा नंबर काढला. काय सांगू? महाबळेश्वरला पाणी होतं असं?

३१ जानेवारी, शनिवार

दुपारी बेल वाजली. दारात आई.

या घरात ती पहिल्यांदाच आली. उरणहून एकटी एसटीने आली, स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला प्रणितने लिहून दिलेला पत्ता दाखवला. हातात पिशवी. घामाने कपाळ ओलं झालेलं. मला वाटलं, आत येऊन पहिलं थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती आत आली. चपला काढल्या, स्वयंपाकघर बघितलं. ओट्यावर माझं एकच ताट, एकच वाटी पालथी घातलेली होती. ती त्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"ती नर्सबाय?"

"लग्न झालं तिचं. नाशिकला गेली."

"मंग तू येकटीच हायस?"

"हो."

"बोललीस नाय ता."

पिशवीतून तिने बोंबील काढले, कोथिंबीर काढली, घरचा मसाला काढला. मी आलं-लसूण सोलायला घेतलं. कालवणाला उकळी आली. मीच शेवटी म्हटलं, "आये, मी खोटं बोलले. चुकलं माझं."

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"ता पान्यातलं."

हेतलने मला पूर्ण व्हिडिओ पाठवला होता, त्यात गणूने खाली काढलेलंही आहे. मी मोबाइल ताटाला टेकवून उभा केला. आई मांडी घालून समोर बसली. एकदा बघितलं. म्हणाली, परत लाव. परत लावलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करायला सांगितला. मी हळूच तिच्या तोंडाकडे बघत होते. रागावलेली दिसत नव्हती. बाजारात गिऱ्हाईक नसताना बसते तशी बसली होती.

"पानी गार हाय खाली?"

"नाही. वर गार लागतं, खाली गेल्यावर लागत नाही."

"आनि ह्यो उजेड? खराच हाय का मोबाइलमदला?"

"खराच, आये. उन्हं खालपर्यंत जातात."

पडद्यावर ते पट्ट्यांचे मासे माझ्या तोंडासमोरून जात होते.

"मासं मानसाला काय करतान?"

"काही नाही करत. मीही घाबरले होते. जवळ येतात, बघतात आणि बाजूने निघून जातात."

"चावत नाय?"

"नाही गं. बघ ना, कुणी शिवत पण नाही."

तिने बोट पडद्यावर ठेवलं, खडक संपतो आणि निळं सुरू होतं त्या जागी. व्हिडिओ थांबला. "मंग तसा तरास नाय तिथं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही, एकदा तोंडाने श्वास घ्यायची सवय झाली की काही त्रास होत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग म्हणाली, "जेव. कालवण निवतंय."

जेवताना तिने माझ्या ताटातला बोंबील उचलला आणि खाल्ला. मला ठसका लागला. बाबा गेल्यापासून ती मासे विकते, निवडते, रांधते, पण तोंडात घालत नाही. काकीला सांगते नवस आहे. कसला ते कुणाला माहीत नाही. आज नवस सुटला की काय? मी विचारणार होते. पण ती काटा बाजूला काढून सावकाश चावत होती, डोळे मिटून, म्हणून नाही विचारलं. उठून तिला अजून एक वाढला. तोही खाल्ला.

सकाळी बाजार असल्यामुळे राहायला तयार होईना. संध्याकाळी स्टँडवर सोडायला गेले. एसटी लागलेली होती. खिडकीपाशी बसल्यावर तिने गज धरून मला जवळ बोलावलं.

"मना न्हेशील का?"

"कुठे?"

"तिथं. खाली."

मला आधी हसू आलं. ती हसत नव्हती.

"अगं आये, ते मालवण. तिथलं पाणी स्वच्छ असतं. आपल्या इथे गढूळ, हात घातला तर हात दिसत नाही. तिथलं बघून काय—" आणि पुढचं मला बोलता येईना.

"समुद्र येकच हाय," ती म्हणाली.

कंडक्टरने दार ओढलं. बस वळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मी स्टँडवरच्या बाकावर बसले. पुढची उरणची गाडी लागली, माणसं चढली, तीही गेली. मग मी उठले.

२ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत टेबलावर गेले नाही. डबा घेऊन गच्चीवर गेले. डब्यात परवाचं कालवण होतं. झाकण उघडल्यावर वास सुटला. सुटू दे.

तिथूनच गणूला फोन लावला. त्याला मी आठवत होते. "उजेडवाली," तो म्हणाला.

मी विचारलं, वयस्कर बाईला नेता का? त्याने विचारलं, काय आजार? मी सांगितलं, काही नाही, फक्त गुडघे दुखतात, डोक्यावर टोपली घेऊन अजून चालते. मग येऊ दे म्हणाला, डॉक्टरला एकदा दाखव आणि होळीच्या आधी ये, तोवर पाणी साफ असतं.

"किती जणां?"

"दोघीच," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर वाटलं, 'च' कशाला लावला. दोघी म्हणायचं होतं.